आपाचं वेटिंग

गॅरेजात किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. मागच्या भिंतीला जुने टायर जसे एकावर एक चढत जातात, तसे ते चढतात. फेकायला काढावेत, तर प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणतं, "राहू दे रे, हा चांगला आहे!" या वर्षी मात्र ढीग पार छपराला लागला. कारण एकच. आपाचा निकाल!

आपा म्हणजे माझी मोठी बहीण. लोणावळ्याच्या एका कॉलेजात तासावर राज्यशास्त्र शिकवते. मी नववीत शाळा सोडली. कामशेतला जुन्या हायवेवर अब्बांचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे, तिथे पाने फिरवतो. डिसेंबरात आपाने अमेरिकेतल्या सात विद्यापीठांत पीएचडीसाठी अर्ज केले. जानेवारीत अब्बा गेले. छातीत दुखतंय म्हणाले आणि मी रिक्षा आणेपर्यंत सगळं संपलं. त्यानंतर आम्ही घरात दोनच कामं केली. रडलो आणि ईमेल बघितला.

हे आधीच सांगून टाकलं. म्हणजे पुढे हसताना तुम्ही अडखळायला नको. अब्बांना अडखळलेली गाडी आवडायची नाही.

*

आमचं कायमचं गिऱ्हाईक म्हणजे दत्तूआबा. पवनेकडच्या गावात भातशेती, दोन म्हशी आणि एक मोपेड, जी महिन्यातले वीस दिवस आमच्याकडेच असते. अब्बांचे जिगरी दोस्त.

आपा अर्ज भरत होती तेव्हा ती काय शिकायला जाणार, हे त्यांना काही केल्या कळेना. शेवटी अब्बांनी आपालाच समोर बसवलं. ती म्हणाली, "आबा, ग्रामपंचायत बिनविरोध होते ना, तेव्हा गावात कोण गप्प बसतं आणि त्याला कोण गप्प बसवतं, ते मला शोधायचंय. पाच वर्षं लागतील. फी नाही, उलट तेच पगार देतात."

आबांनी पान थुंकलं. "आन् ह्ये शिकाया अमेरिकेला? अगं पोरी, वडगावला तहसील कचेरीभाईर अर्ज मागं घ्यायच्या दिवशी उभी ऱ्हा. तीन वाजंस्तवर सगळं राज्यशास्त्र कळतंय. फुकाट!"

अब्बा हसून हसून खोकायला लागले. आपा हसली नाही. तिने वही काढली, वाक्य लिहून घेतलं आणि अर्जासोबतच्या निबंधाची सुरुवात त्याच वाक्याने केली!

आबांनी आजवर पासपोर्ट पाहिलेला नाही. पण त्यांचं बोलणं सात विद्यापीठांत पोचलं.

*

अर्जाला तीन प्राध्यापकांची शिफारसपत्रं लागतात. दोघांची आली. तिसरे सर कुरवंड्याच्या वाटेला राहतात, रिटायर झालेत, स्वभावाने देवमाणूस. पण कॉम्प्युटर म्हटलं की त्यांना झोप येते. "लिहितो, लिहितो" करत महिना गेला. मुदतीला दोन दिवस उरले. आपा नखं खात बसलेली.

नेमकी त्याच दिवशी सरांची स्कूटर सर्व्हिसिंगला आली. अब्बांनी स्वतः काम केलं. नवी केबल, नवा प्लग, वर पॉलिश. संध्याकाळी सर घ्यायला आले तर स्कूटर दिसेना. अब्बांनी ती आत नेऊन पुढे चार गाड्या लावल्या होत्या!

"सर, पत्र गेलं की स्कूटर मिळेल."

सर चिडले. "उस्ताद, हे सरळ सरळ अपहरण आहे!"

अब्बांनी हात पुसले आणि अगदी अदबीने खुर्ची पुढे केली. "नाही सर, तुम्हीच तर वर्गात शिकवायचात ना? आपा सांगते. याला दबावगट म्हणतात."

सरांनी आमच्या गॅरेजात, आपाच्या लॅपटॉपवर, ग्रीसच्या डब्याशेजारी बसून पत्र लिहिलं. मी एकेक बोटाचा आवाज मोजत होतो. पत्र गेलं, स्कूटर बाहेर आली. जाताना सर म्हणाले, "या मुलीपेक्षा बापालाच ॲडमिशन द्यायला हवी!"

*

पहिला नकार आला तेव्हा अब्बांना जाऊन महिनाही झाला नव्हता. घरात अजून लोक भेटायला येत होते. आपाने मेल वाचला, मोबाईल उशीखाली ठेवला आणि पाहुण्यांसाठी चहा टाकायला उठली. 

माझं डोकं फिरलं. मी मोबाईल घेऊन मोरीत गेलो. मराठीत बोललं की इंग्रजीत लिहून देणारं ते असतं ना, ते चालू केलं आणि सुरू झालो. "तुम्हाला काही कळतं का? माझा बाप गेलाय. बहिणीने रात्रंदिवस अभ्यास केलाय. तुमच्या विद्यापीठाच्या गाडीला क्लच नाही. एकदा कामशेतला या, मग सांगतो!" आणि दिलं पाठवून.

अर्ध्या मिनिटात उत्तर आलं! मी घाबरलो. आपाला दाखवलं.

तिने वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. "इरफान, या पत्त्यावर आलेले मेल कुणी वाचत नाही, असं लिहिलंय. मशीनचं उत्तर आहे."

"म्हणजे वाचलंच नाही?"

"नाही."

"अरे, मग अजून दोन शिव्या घातल्या असत्या!"

आपा फुटली. भेटायला आलेल्या बायकांसमोर, तोंडावर ओढणी दाबून, खदाखदा. बायकांना वाटलं रडतेय. एकीने जवळ घेऊन पाठ थोपटली, तशी ती आणखीच हसायला लागली.

*

मग फेब्रुवारी. अजून तीन नकार. आणि एक दिवस वेटिंग लिस्ट!

आता कामशेतच्या माणसाला वेटिंग लिस्ट शिकवायची का? माझा दोस्त गण्या टेम्पो चालवतो आणि अख्ख्या गल्लीची रेल्वेची तिकिटं काढतो. तो एकदम खुर्ची ओढून बसला. "नंबर किती?"

"नंबर सांगत नाहीत रे," आपा म्हणाली.

"असं कसं? चार्ट कधी लागतो?"

"एप्रिलच्या मध्यावर."

"मग टेन्शन नाही! शेवटी लोक कॅन्सल करतात. कोटा बघावा लागेल फक्त."

आम्हाला वाटलं चेष्टा करतोय. तिसऱ्या दिवशी गण्या कागद घेऊन हजर. तालुक्यातल्या एका पुढाऱ्याचं लेटरहेड, खाली हिरव्या शाईची सही. "सदर कुमारी ही आमच्या भागातील होतकरू रहिवासी असून तिला आपल्या विद्यापीठात प्राधान्याने सामावून घ्यावे, ही विनंती." आणि वर पत्ता काय? "मा. कुलगुरू साहेब, अमेरिका."

गण्या म्हणाला, "तीन तास लाईनीत बसलो आपा, नुसता चहा पिऊन. स्कॅन करून पाठव."

आपाने कागद दोनदा वाचला. डोळे असे चमकले तिचे! प्लॅस्टिकच्या पाकिटात घातला, फाईलला लावला आणि गण्याला म्हणाली, "गण्या, हे पाठवायचं नाही. यावर मी एक अख्खं प्रकरण लिहिणार आहे. आता सांग, लाईनीत तुझ्यापुढे कोण कोण होतं?"

गण्या आला होता काम करून द्यायला, दीड तास मुलाखत देऊन गेला.

*

दोन विद्यापीठं उरली. दत्तूआबांना धीर निघेना. म्हणाले, "दोन्ही ठिकाणी घेतलं तर पोरीला भांडण नको. आजच ठरवू. बिनविरोध."

मी म्हणालो, थंडी कमी आहे तिथे. गण्या म्हणाला, बर्फ आहे तिथे. नाहीतर विमानात बसून जायचा उपयोग काय? आबांनी गण्याला कोपऱ्यात नेलं. खांद्यावर हात टाकून काहीतरी कुजबुजले. गण्या परत आला, बर्फ मागे घेतला!

आपा वैतागली. "आबा, अजून मला कुणीच घेतलेलं नाही!"

"म्हंजे काय झालं? तिकीट मिळायच्या आधीच प्यानल ठरवाया लागतंय, पोरी."

गण्याला काय कबूल केलं ते कुणी सांगेना. पण पुढचा आठवडाभर गण्याकडे रोज खरवस यायचा.

*

त्या थंडी कमी असलेल्या विद्यापीठाने मुलाखत ठेवली. व्हिडिओवर, आपल्या संध्याकाळी सात वाजता. घरात रेंजचा भरोसा नाही. गॅरेजात येते, पण एकाच जागी. अब्बांच्या खुर्चीत.

ती खुर्ची मी बांधून ठेवली होती. सुतळीने, खुर्चीच्या एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत. ते गेल्यापासून तिच्यात कुणालाही बसू दिलं नव्हतं. एका गिऱ्हाइकाने नुसती पिशवी ठेवली तर त्याच्याशी भांडलो होतो. आपाला ते माहीत होतं. ती म्हणाली, "मी उभी राहून देते." आणि खुर्चीच्या बाजूला लॅपटॉप हातात घेऊन उभी राहिली. चित्र अडकत होतं. सात वाजायला चार मिनिटं. मी सुरी घेतली आणि सुतळी कापली.

"बस," म्हणालो. "हलू नको फक्त, डावा पाय डुगडुगतो."

मी मागे पाना घेऊन उभा. समोर एक मॅडम, पिकलेले केस, हसऱ्या. अर्धा तास इंग्रजी चाललं. मधेच मॅडमनी माझ्याकडे बोट दाखवलं. आपा वळून म्हणाली, "विचारतायत, बहिणीच्या संशोधनाबद्दल तुला काय वाटतं?"

मी म्हणालो, "सांग, अब्बा असते तर एव्हाना यांची गाडी आत टाकून पुढे चार लावल्या असत्या."

आपाने काहीतरी लांबलचक सांगितलं. मॅडम आधी हसल्या, मग चष्मा काढला. काय सांगितलंस, असं मी अजून विचारतो. ती अजून सांगत नाही.

*

आमच्यात नवरा गेला की बाई चार महिने दहा दिवस घरातच राहते. त्याला इद्दत म्हणतात. बाहेर जायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. अम्मीचा तर आवाजच बसला होता. बोलायची ती कानात सांगितल्यासारखं. रस्त्याकडची खिडकी कायम बंद.

दत्तूआबा रोज सकाळी दूध आणतात. त्या दिवसांत ते घरात यायचे बंद झाले. ओट्यावर किटली ठेवायची, दाराला पाठ करायची, रस्त्याकडे बघत म्हणायचं, "भाभी, दूध ठिवलंय!" आतून अम्मी कडी वाजवायची. की आबा निघाले.

मार्चमधली सकाळ. आपा चहा पीत होती, मोबाईल माझ्या हातात. मेल आला. मला इंग्रजी येत नाही, पण चार नकार बघून नकाराची पहिली ओळ तोंडपाठ झाली होती. ही ती नव्हती!

"आपा!"

तिने मोबाईल हिसकावला. वाचला. परत वाचला. मग जमिनीवरच बसली. "घेतलं," म्हणाली. "त्या मॅडमनी. इरफान, घेतलं!"

मी तिला उचलून गरकन फिरवलं. कप फुटला, स्टूल पडलं. आणि मी खिशातून माझा फोन काढून अब्बांना लावला. खरंच लावला. सवयीने.

कपाटात फोन वाजला. अम्मी तो रोज चार्ज करून ठेवायची.

वाजून वाजून बंद झाला. आम्ही तिघंही कपाटाकडे बघत होतो.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "भाभी, दूध ठिवलंय!"

अम्मी उठली. कडीकडे गेली नाही. खिडकीपाशी गेली, एक दार बोटभर ढकललं आणि त्या फटीतून ओरडली. दोन महिन्यांत पहिल्यांदा ओरडली! "आबा! माझ्या पोरीला घेतलं! अमेरिकेत घेतलं!"

आबा वळले नाहीत. रस्त्याकडे तोंड करून तसेच उभे राहिले. हातातली टोपी डोक्यावर घातली, परत काढली. मग मोठ्याने म्हणाले, "भाभी, गाड्यांच्या आवाजात काय ऐकू आलं न्हाई! परत एकदा सांगा!"

रस्त्यावर एकही गाडी नव्हती. अम्मीने खिडकीचं दुसरं दारही उघडलं.