वहिनीचा हात

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, दादाजवळ तर नाहीच. दोनदा ओठांवर आलं होतं – एकदा आई गेली तेव्हा, आणि एकदा मी निवृत्त झालो त्या दिवशी, शाळेत माझ्या सत्काराची भाषणं चालू असताना. दोन्ही वेळा गिळलं. आता तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि अनोळखी माणसासमोर मान खाली घालणं सोपं जातं. म्हणजे बघा, इथेही मी सोपंच शोधतो आहे.

बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ही एका बिघडलेल्या यंत्राची गोष्ट आहे. यंत्र बिघडलं होतं हे खरं. पण ते कशानं बिघडलं हे मला ठाऊक होतं, आणि घरात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

आम्ही सिहोऱ्याचे. धानाची शेती, बाबा लवकर गेलेले, घरात आई, दादा, वहिनी आणि मी. दादा चिखल्याच्या मँगनीज खाणीत टाइमकीपर होता, शनिवारी घरी यायचा. पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमारास तिथल्या एका साहेबाची बदली झाली आणि जाताना त्याने परदेशातून आणलेला एक घरगुती कॉम्प्युटर दादाला देऊन टाकला. काळा, वहीएवढा. टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरवरून कॅसेट वाजवून त्यात प्रोग्रॅम भरायचा. मागच्या खाचेत मेमरीची एक डबी बसवावी लागे. ती काढली तर त्या यंत्रात दहा ओळीही धड मावत नसत.

दादाने ते आणलं माझ्यासाठी. मी बी.एस्सी.ला दोनदा नापास झालेलो आणि पत्राने रेडिओ दुरुस्तीचा कोर्स केलेला. गावातले रेडिओ, पंपाचे स्टार्टर, लग्नातले भोंगे, सगळं माझ्याकडे यायचं. नापास पोराला गावात एवढीच एक इज्जत होती, आणि ती मी फार जपायचो.

वहिनी, कुंदावहिनी, गणित घेऊन बी.एस्सी. झालेली होती. पहिल्या वर्गात. हे घरात कुणी बोलत नसे, पण मी विसरत नसे. साहेबाने यंत्राबरोबर दिलेलं इंग्रजी पुस्तक मी आठवडाभर चाळून ठेवून दिलं. वहिनीने ते धान निवडता निवडता, भाजी शिजता शिजता वाचून काढलं. एका दुपारी तिने मला हाक मारली. तिने स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमने टीव्हीच्या पडद्यावर गणित विचारलं होतं – सतरा गुणिले आठ. मी एकशे सव्वीस दाबलं. खाली रोमन अक्षरांत आलं, 'चूक'. वहिनी इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या हसण्यात वाईट काहीच नव्हतं. तरी मला ते लागलं. एवढ्या साध्या गोष्टीनं माणूस किती खाली जातो हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

त्या वर्षी दसऱ्याला आईने सगळ्या हत्यारांबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा केली. विळे, कुऱ्हाड, दादाची सायकल, माझं सोल्डरिंग आयर्न, आणि पाटावर मधोमध ते काळं यंत्र. हळद, कुंकू, ओल्या कुंकवात भिजवलेल्या अक्षता. आईचा हात सढळ होता. मी शेजारी बसून घंटी वाजवत होतो.

त्यानंतर दोन-तीन दिवसांत यंत्र दगा देऊ लागलं. चालता चालता पडदा एकदम पांढरा व्हायचा, टाइप केलेलं सगळं जायचं, आणि ते नव्याने सुरू झाल्यासारखं कोपऱ्यात एकच अक्षर दाखवत बसायचं. कधी पाच मिनिटांत, कधी तासाभराने. नेम नाही. मी मेकॅनिक – मग मी कामाला लागलो. स्टॅबिलायझर लावला. अडॅप्टर उघडून सोल्डरचे टाके पुन्हा मारले. राइस मिलची मोटर सुरू झाली की व्होल्टेज पडत असेल म्हणून मिल बंद असताना चालवून पाहिलं. गरम होतं म्हणून खाली ओलं फडकं ठेवलं, पंखा लावला. दरवेळी वाटायचं, सापडलं, आणि दरवेळी पडदा पांढरा.

वहिनीने दुसरा मार्ग धरला. तिने एक वही केली. यंत्र किती वाजता बंद पडलं, तेव्हा लाइट कशी होती, मिल चालू की बंद, ऊन किती, कोण बसलं होतं, काय चाललं होतं – प्रत्येक वेळेची एक ओळ. म्हणायची, "भाऊजी, अंदाजानं नाही सापडत. लिहून ठेवलं त कारण आपसूकच वर येते." तिचंच बरोबर होतं. दुरुस्तीचा खरा रस्ता तोच, हे मी पुढे तीसेक वर्षं पोरांना शिकवलं, तिचं नाव न घेता.

त्या वहीत तिने एका ओळीत लिहिलं होतं की त्या दिवशी ती बाहेर बसलेली होती. तुम्हाला सांगायला नको – आमच्या घरी महिन्याचे चार दिवस सून मागच्या पडवीत बसायची, कशाला शिवायची नाही. त्या दिवशी आम्ही सगळे धानकापणीला गेलो होतो, घरी ती एकटी, आणि टीव्हीची खोली उघडी. तासभर बसली, यंत्र दोनदा बंद पडलं. जे घडलं ते लिहायचं म्हणून तिने तेही लिहिलं. वही सगळ्यांसमोर पडलेली असायची, पण आईला वाचता येत नव्हतं.

मी वाचून दाखवलं.

आईने विचारलं होतं, काहून बंद पडून राहिली ही मशीन, काही समजलं का. मी म्हणालो, वहिनीनं लिहून ठेवलं आहे, वाचतो. आणि सगळ्या ओळी सोडून तीच ओळ वाचली. का वाचली? मला तेव्हा माहीत होतं का मी काय करतो आहे? होतं. आईचा चेहरा कसा होईल हे मला आधीच दिसलं होतं.

आईने वहिनीला एवढंच विचारलं, "तू त्या दिवसांत मशीनले हात लावला?" वहिनी म्हणाली, "हव, लावला." खोटं बोलता आलं असतं तिला. आई दुष्ट नव्हती, ओरडली नाही. म्हणाली, पूजलेली वस्तू आहे, त्या चार दिवसांत दूर राहा, बाकीचे दिवस बस. वहिनीने मान हलवली.

इथवर सांगून मी थांबू शकलो असतो. चुगली केली – एवढीच कबुली दिली तर तुम्ही कदाचित म्हणाल, तरुण होता. पण पुढे आहे.

त्यानंतर आठवड्याने मी मेमरीची डबी ओढून काढली. खाचेच्या एका कोपऱ्यात, डबी जिथे टेकते तिथे, तांदळाचा एक दाणा चिकटून बसलेला होता. लाल. कुंकवाचा. दसऱ्याची अक्षता. त्या एका दाण्याने डबी केसभर तिरकी बसत होती, आणि कुणी जरा जोरात बटण दाबलं की हलून संपर्क तुटत होता. ना मिल, ना ऊन, ना कुणाचा विटाळ. मी दाणा चिमट्याने काढला, खाच पुसली, डबी बसवली. संध्याकाळपर्यंत यंत्र एकदाही बंद पडलं नाही.

मी सांगायला उठलो होतो, हे देवाशपथ खरं. स्वयंपाकघराच्या दारात गेलोही. आई चुलीपाशी होती, वहिनी भाकरी थापत होती. आईला काय सांगणार होतो – की तुझ्याच हातच्या अक्षतेनं हे झालं? आणि वहिनीला? की तुझ्या वहीशिवाय मला सापडलं? हे दुसरं सांगायला मला आवडलं असतं. पण ते सांगितलं की पहिलंही सांगावं लागणार होतं. मी पाणी मागितलं, प्यालो आणि परत आलो. दाणा मी रेझिस्टर, सुटे भाग ठेवायच्या माझ्या डबीत ठेवला. यंत्र सुधारल्याचं दिसलं तेव्हा आई म्हणाली, विटाळ टळला म्हणून सुधारली. मी सोल्डरिंग आयर्न पुसत राहिलो.

त्याच सुमारास आमच्या भागातल्या एका शाळेत कॉम्प्युटर येणार होते. शिकवायला माणूस मिळत नव्हता. तिथल्या हेडमास्तरांच्या कानावर वहिनीचं नाव गेलं. दादाला त्यांनी विचारलं, दादा हो म्हणाला. मोठ्या अभिमानाने हो म्हणाला, हेही सांगितलं पाहिजे. एका रविवारी हेडमास्तर घरी येऊन तिचं काम बघणार असं ठरलं. वहिनी त्या आठवड्यात घरात गाणं गुणगुणत फिरत होती. लग्न होऊन आल्यापासून मी तिला गाताना ऐकलं नव्हतं. तिने पाढे विचारणारा तिचा प्रोग्रॅम पुन्हा नीट लिहून कॅसेटवर घेतला, तीनदा तपासला.

रविवारी सकाळी ती आंघोळीला गेली होती. मी टीव्हीच्या खोलीत गेलो. रेझिस्टरची डबी माझ्या हातात होती.

 मी तो दाणा परत खाचेत ठेवला. जिथे सापडला होता त्याच कोपऱ्यात, आणि वरून मेमरीची डबी दाबली. गावातल्या लोकांनी म्हणावं की कॉम्प्युटर जमतो तो कुंदाला, हे मला बघवत नव्हतं. दुसरं कारण नाही. मी शोधून पाहिलं आहे, तीस-पस्तीस वर्षं.

हेडमास्तर आले. पोह्यांची बशी त्यांच्या हातात दिली. दादा शेजारी बसला. वहिनीने कॅसेट लावली, किर्र आवाज संपला, पडद्यावर गणित आलं. तिने हेडमास्तरांना उत्तर दाबायला सांगितलं. त्यांनी बोटाने जोरात बटण दाबलं – ना बरोबर आलं, ना चूक. पडदा पांढरा. वहिनीने पुन्हा कॅसेट लावली.  पुन्हा पांढरा. तिसऱ्यांदा तिने कॅसेट काढून पदराने पुसली आणि लावली. पुन्हा पांढरा.

तेव्हा आई दारातून, अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "कुंदा, तू बाहेरची त नाही?"

हेडमास्तर बशीत बघत राहिले. दादाने मान वळवली. वहिनी परक्या माणसासमोर उभी होती, आणि तिला उत्तर द्यावं लागलं. म्हणाली, "नाही." कुणी विश्वास ठेवला नाही. आईने नाही, दादाने नाही. तिच्याखेरीज खोलीत एकालाच ठाऊक होतं की ती खरं बोलते आहे.

मी पुढे झालो. म्हणालो, बघू द्या जरा. डबी ओढली, फुंकर मारली, नखाने दाणा खाली पाडला, डबी बसवली. यंत्र चाललं. अर्धा तास चाललं. तिचाच प्रोग्रॅम मी हेडमास्तरांना चालवून दाखवला. जाताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

शाळेतली जागा मला मिळाली. पुढची सगळी वर्षं मी त्या जागेवर काढली. पहिल्या वर्षी पोरांना तोच पाढ्यांचा प्रोग्रॅम शिकवला.

त्या रात्री दादा वहिनीला रागावला नाही, फक्त म्हणाला, "जाऊ दे, नको लावू हात." दोन दिवसांनी वहिनीने ती वही माझ्याकडे आणून दिली. मला वाटलं होतं ती रडेल, भांडेल, विचारेल की तुम्ही डबीचं काय केलं. ती हुशार होती, तिने विचारायला हवं होतं. तिने वही माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "सगळं तपासलं, भाऊजी. यात काहीच नाही निघत. मधात चांगली चालली, अन् ऐन वेळेवर मी बसली त बंद पडली, तुमी बसले त चालली. मंग माह्या हातातच असन."

गणित घेऊन पहिल्या वर्गात पास झालेली बाई. लिहून ठेवलं की कारण वर येतं म्हणणारी. तिने लिहिलेल्या नोंदींत मी खोट मिसळली होती, आणि तिने त्या नोंदींवर विश्वास ठेवला. तेव्हाही मी बोलू शकलो असतो. मी वही घेतली.

ऐंशीचं दशक संपता संपता शाळेत नवे, मोठे कॉम्प्युटर आले. मी घरच्यांना बघायला बोलावलं. आई येऊन गेली, तिने एकाला हात लावून नमस्कार केला. वहिनी उंबऱ्याशी उभी राहिली, दोन्ही हात पदरात गुंडाळून. मी म्हणालो, या ना वहिनी. तिने मान हलवली. "नको भाऊजी, पोरायचं नुकसान होईन." तिची मुलगी तिच्या कमरेला धरून उभी होती. पोरीने हात पुढे केला तशी वहिनीने तो मागे ओढला.

दादा आता नाही. वहिनी आहे, त्याच घरात, माझ्याच घरात. मिक्सर बायको लावते, फोन नातू लावून देतो. वहिनी कशालाच हात लावत नाही, आणि कुणी कारण विचारलं तर हसून सांगते की तिचा हात वाईट आहे. मी तिथेच बसलेलो असतो.

चहा मात्र चुलीवर तीच करते. आज सकाळीही तिने माझ्यासमोर कप आणून ठेवला, साखर बरोबर आहे का विचारलं. मी बरोबर आहे म्हणालो, चहा प्यालो आणि हे लिहायला बसलो.