जुन्या शीटवरची लाल फुली

माझं तोंड तिखट आहे, जळगावच्या पिंप्राळ्यात कुणालाही विचारा. साइटवरचे मिस्त्री मला घाबरून असतात आणि, खोटं कशाला बोलू, मला त्याचं बरंही वाटायचं. आता नाही वाटत.

घरांचे नकाशे काढून देण्याचं माझं ऑफिस म्हणजे दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर आणि धुळ्याहून काम करणारे नाना. ते माझ्या नात्यातले नव्हते. जन्मभर ड्रॉइंग बोर्डावर उभं राहून नकाशे काढलेला हा माणूस साठी उलटल्यावर कॉम्प्युटर शिकला आणि मी ऑफिस टाकलं तेव्हा "पोरी, मला घेशील का कामाला?" म्हणत स्वतःहून आला. धुळ्यातल्या देवपूरहून रोज जळगावला येणं त्यांच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. म्हणून मी सगळे नकाशे क्लाउडवर, एका शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवले. मी इथून उघडायची, ते तिथून, आणि मिस्त्री साइटवर मोबाइलवर बघायचा. नाना सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून त्या फोल्डरसमोर बसायचे. घरातच! फोन केला की म्हणायचे, "ऑफिसला बसलोय."

त्यांची एकच खोड होती. नकाशा बदलला की जुन्या शीटवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लाल फुली मारायची. कागदावर मारायचे, तशीच कॉम्प्युटरवरही. मला ती बघूनच वैताग यायचा. "अहो नाना, ही काय शाळेची वही आहे? जुनी फाइल 'जुनं'मध्ये हलवली की झालं." ते म्हणायचे, "मिस्त्री फोल्डर बघत नाही पोरी. फुली बघतो." मी ऐकलं नाही. होत्या त्या फुल्याही पुसायला लावल्या. त्यांनी एकेक करून पुसल्या.

असोद्याला एका केळीवाल्या कुटुंबाचं घर चाललं होतं. खोदल्यावर काळी माती वाटलं होतं त्यापेक्षा फार खोल लागली, म्हणून नानांनी पाया मोठा करून नवा नकाशा काढला. पाया-तीन रद्द, पाया-चार चालू. पुढच्या आठवड्यात मी साइटवर गेले, तर चार खड्ड्यांत जुन्याच मापाचं काँक्रीट भरलेलं! मिस्त्रीने मोबाइल माझ्यापुढे धरला. चालू फोल्डरमध्ये पाया-तीन होता आणि पाया-चार 'जुनं'मध्ये जाऊन पडला होता.

माझं डोकंच फिरलं. तिथेच, घरमालक, मिस्त्री, मजूर सगळ्यांदेखत, फोन स्पीकरवर टाकून मी नानांना झाडलं. "डोळे आहेत की बटणं? होत नसेल तर घरी बसा ना!" पलीकडून ते एवढंच म्हणाले, "मी नाही हलवलं पोरी. एकदा बघ बरं." बघायचंय काय त्यात? फायली हलवणारे आम्ही दोघंच. मी हलवलं नव्हतं, म्हणजे त्यांनीच. संध्याकाळी मी त्यांचा ॲक्सेस 'फक्त पाहणे' करून टाकला. नकाशे दिसतील, पण हात लावता येणार नाही. काही लागलं तर कळवीन, म्हटलं. कळवलं नाही.

आठवड्याने मेल आला. नानांनी बदल करण्याची परवानगी मागितली होती आणि खाली लिहिलं होतं : 'असोद्याच्या जुन्या शीटवर फुली मारायची राहिली आहे.' परत फुली! मी तो मेल पुसून टाकला. पुन्हा आला, तोही पुसला.

दोन महिन्यांनी नाना गेले. सकाळी छातीत दुखलं, तेवढंच. मी देवपूरला दारावर गेले, बायांमध्ये बसले, रडलेही. पण चूक त्यांचीच होती, हे डोक्यातून गेलं नव्हतं. अशी मी.

ते काँक्रीट फोडून, पाया नव्या मापाने भरून घर जोत्यापर्यंत आलं तेव्हा मिस्त्रीने पायाचा नकाशा पुन्हा मागितला. फाइल शोधताना माझं बोट चुकून तिच्या हालचालींच्या यादीवर पडलं. कोणी केव्हा काय हलवलं, सगळं तिथे लिहिलेलं असतं. पाया-चार, 'जुनं'मध्ये हलवली, रविवार. हलवणाऱ्याच्या जागी होतं : 'तुम्ही'.

त्या रविवारी मी भुसावळला हळदीत होते. एका हातात ताट, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने फोल्डर आवरत होते. दोन नावं एकाखाली एक. तीनऐवजी चार उचलला गेला. आणि राहिलेल्या तीनवर नानांची फुली असती, तर मिस्त्रीने घमेलंसुद्धा उचललं नसतं. ती मीच मारू दिली नव्हती. "एकदा बघ," म्हणाले होते. बघायला अर्धं मिनिट लागलं असतं गं बाई, अर्धं मिनिट!

दुसऱ्या दिवशी धुळ्याची एसटी पकडली. नानांच्या बायकोला, अक्कांना, सगळं सांगितलं. फोल्डर, फाइल, रविवार. त्यांना त्यातलं फारसं कळलं नाही. "चूक माझी होती अक्का, मी त्यांना उगाच बोलले," एवढं मात्र कळलं. त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, "माय, त्या रोज सकायले शर्ट घालीसन बठेत. ते उघाडीसन दखेत, आज चालू व्हयनं का म्हनीसन."

नाना रोज सकाळी शर्ट घालून बसायचे, ते उघडून बघायचे, आज चालू झालं का म्हणून. दोन महिने, रोज. समोरचा चहा तसाच ठेवून मी उठले.

त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक जुन्या शीटवर लाल फुली असते. असोद्याच्या पाया-तीनवर मात्र मी मारलेली नाही, ती त्यांचीच राहिली आहे. नानांचं नाव अजून त्या फोल्डरवर आहे, समोर 'फक्त पाहणे'. एका टिचकीत बदलता येईल. पण आता सकाळी उघडून बघणारं कोण आहे?