साडेपंधरा किलोची सायकल

इंदुरातली आमची गिरणी बंद झाली तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा होतो आणि माग दुरुस्त करण्यापलीकडे मला काही येत नव्हतं. वीस वर्षं मागखात्यात फिटर म्हणून काढली. बंद झाली म्हणजे एका दिवसात झाली असंही नाही. आधी एक पाळी गेली, मग दुसरी, मग गेटवर कागद चिकटवला. तो वाचायला आम्ही इतके जण उभे होतो की मागच्यांना पुढच्यांनी वाचून दाखवला. त्यानंतर रोज दुपारी बाराला गेटबाहेरच्या कडुनिंबाखाली एका वहीत सही करायची पद्धत पडली. गिरणी पुन्हा सुरू झाली तर वहीत ज्याचं नाव असेल त्याला आधी आत घेतील, असं कोणीतरी सांगितलं होतं. कोणी सांगितलं ते आजही मला माहीत नाही. सही झाली की चार वाजेपर्यंत तिथंच बसायचं. नोकरीत असतानाही लावली नव्हती एवढ्या नेमानं मी त्या वर्षी हजेरी लावली.

घर चालवायला बायकोनं नोकरी धरली. विजय नगरच्या पलीकडे तेव्हा नव्या कॉलन्या उठत होत्या, तिथं एक खाजगी शाळा निघाली होती. हिचं शिक्षिकेचं प्रशिक्षण लग्नाआधी झालेलं, ते पंधरा वर्षांनी उपयोगी पडलं. शाळा साडेसातची. आम्ही राहायचो त्या परदेशीपुऱ्यातून टेम्पो चौकापर्यंत सोडायचा, पुढं तीन किलोमीटर पायी. टेम्पो भरल्याशिवाय हलत नसे. उशीर झाला की मस्टरवर लाल खूण. तीन लाल खुणा झाल्या की दुसरी बाई ठेवू, असं मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. म्हणून सायकल हवी होती. तिला सायकल येत होती, लहानपणी चालवलेली.

अडचण वजनाची होती. आदल्या वर्षी तिचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं आणि तुकोगंजच्या डॉक्टरांनी दोन वर्षं जड काही उचलायचं नाही म्हणून ताकीद दिली होती. आम्ही चाळीत वरच्या मजल्यावर, जिना चोवीस पायऱ्यांचा, आणि गिरणी बंद झाल्यापासून खालच्या चौकातून सायकली चोरीला जात होत्या. म्हणजे सायकल रोज वर आणायला हवी. ही दुपारी दोनला घरी यायची, तेव्हा मी कडुनिंबाखाली असायचो. बाजारात लेडीज सायकल मिळायची ती वीस-बावीस किलोची. तेव्हा मी ठरवलं, हिच्यासाठी हलकी सायकल मी स्वतः बनवीन. एकेक पार्ट निवडून, तेरा किलोच्या आत. हे मी चाळीत सगळ्यांना सांगितलंही. सांगताना बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी मला काहीतरी विचारत होतं.

सियागंजातल्या पार्ट्सच्या दुकानात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मालकानं मला थेट एका नव्या सायकलीपुढं उभं केलं. हाताएवढे जाड टायर, सरळ दांडा, हिरव्या-पिवळ्या पट्ट्या. बाहेरचा माल नुकता यायला लागला होता आणि आपल्याकडचेही त्याची नक्कल करत होते. "भिया, माउंटेन है, पहाड पे चढती है," तो म्हणाला. मी पुढचं चाक उचलून पाहिलं. पहाडावर ती चढेल, पण आमच्या जिन्यावर तिला चढवायला दोन माणसं लागली असती. इंदुरात पहाड आहेच कुठं, असं विचारल्यावर तो हसला आणि मग मला खरी कपाटं उघडून दाखवू लागला.

फ्रेम जुन्या बाजारात मिळाली. लेडीज, पातळ नळीची, रंग उडालेली पण सरळ. लोखंडी रिमांऐवजी अलॉय रिम घेतल्या, त्या तेव्हा नव्यानं येत होत्या आणि दुकानदार त्या मखमलीत गुंडाळल्यासारख्या काढायचा. हँडल अलॉयचं. ब्रेक दांड्यांचे काढून तारेचे. कॅरिअर, स्टँड, डायनॅमो यांना पहिल्याच दिवशी सुट्टी दिली. क्रँकवर, म्हणजे पेडलं ज्याला लागतात त्या दांड्यावर, मात्र माझं अडलं. साधा क्रँक पोलादी आणि जड, अलॉयचा इंदुरात कोणाकडे नव्हता. मागवतो म्हणाले. मी म्हटलं, थांबतो.

प्रत्येक पार्ट मी खालच्या किराणावाल्याच्या तराजूवर तोलायचो. तो आधी कौतुकानं बघायचा, मग गिऱ्हाईक खोळंबायला लागल्यावर त्याचं कौतुक आटलं. "काका, साखर तोलू की तुमचं पैडल?" असं त्यानं एकदा सर्वांसमोर विचारलं. मी पेडल काढून घेतलं आणि दुकान रिकामं असेल तेव्हा जाऊ लागलो. वजनं घरी भिंतीवर खडूनं लिहायचो, खात्यात मशीनवर लिहायचो तशी. खरं तर मला तराजूची गरज नव्हती. फिटरच्या हाताला वजन कळतं. गियरचं चाक हातात घेतलं की त्याचा एक दात झिजलाय हे आम्हाला कळायचं. पण तराजूवर गेलं की काम झाल्यासारखं वाटायचं.

पहिली जुळणी, क्रँकवाचूनच, दिवाळीच्या सुमारास झाली. मी तिला बोलावून दाखवलं. ती सायकलभोवती एक चक्कर मारून उभी राहिली आणि म्हणाली, साडी कुठं जाईल? चेनकव्हर नव्हतं, मागच्या चाकावर जाळी नव्हती, मडगार्ड नव्हते. एवढं लोखंड मी हौसेनं कमी केलं होतं. वीस वर्षं ज्या खात्यात काम केलं तिथं सगळे हाफ पॅन्टमध्ये असायचो, मशीनच्या पट्ट्यात कापड अडकू नये म्हणून बाहीसुद्धा दुमडायचो, आणि मला साडी सुचली नाही. मी चिडलो. सलवार-कुर्ता घाल म्हणालो. शाळेत साडीचा नियम आहे, ती म्हणाली, आणि कणीक मळायला गेली. राग माझा मलाच आला होता, पण तो काढला तिच्यावर.

मग पुन्हा शोध सुरू. प्लॅस्टिकचं चेनकव्हर, नायलॉनची जाळी. ती मिळाली तर सीट बदलावीशी वाटली. मी अरुंद फोमची सीट लावली होती, स्प्रिंगवाल्या सीटच्या अर्ध्या वजनाची. तिनं बसून पाहिलं आणि उतरताना पोटावर हात ठेवला. म्हणजे स्प्रिंगवाली हवी. ती लावली तर वजन वाढलं, मग ते दुसरीकडे कुठंतरी कमी करायला हवं. मी पुढच्या चाकाचे आरे कमी करायचं ठरवलं, त्यासाठी वेगळा हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा. हब आला तर चाक अर्ध्या केसानं डुलायचं. खात्यात आमची रीत होती, दुरुस्त केलेला माग आठ तास रिकामा चालवायचा आणि मगच विणकराच्या हातात द्यायचा. त्याआधी दिला तर फिटरची अब्रू जायची. मी चाकं छताच्या आकड्याला टांगून हातानं फिरवत बसायचो आणि कान लावून ऐकायचो. चाळीतली माणसं दारातून डोकावून जायची. सायकल झाली का, असं विचारणं त्यांनी हळूहळू सोडून दिलं.

या सगळ्या काळात ती टेम्पोनं जात होती. नोव्हेंबरात पहिली लाल खूण झाली, थंडीत धुक्यामुळं टेम्पो निघाला नाही म्हणून. जानेवारीत दुसरी. दुसरी झाली त्या दिवशी तिनं घरी येऊन सांगितलं, आणि मी तिला सांगितलं की अलॉयचा क्रँक पुढच्या आठवड्यात नक्की येतोय. हे मी तिला याआधी किती वेळा सांगितलं होतं ते मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मी फरशीवर सगळं पसरून बसलो होतो. दुकानदारानं सांगितलं होतं, क्रँक येणार नाही, लुधियानावाल्यांनी माल बंद केला. मी तिला म्हणालो, मुंबईहून कोणाकडून तरी मागवू, महिनाभर लागेल. ती वह्या तपासत होती. तिनं पेन खाली ठेवलं.

"अहो, एक विचारू का? ही सायकल मला उचलता यावी म्हणून बनवताय, की कधी पुरीच होऊ नये म्हणून?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. थकलेला होता. मी काहीतरी मोठ्यानं बोलणार होतो, फिटरची अब्रू वगैरे, पण हातातला पाना खाली ठेवला. कारण ती खरं बोलली होती. सायकल पुरी झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी काय करणार होतो? कडुनिंबाखालच्या वहीत सही, आणि मग? तिच्या दोन लाल खुणांवर माझे सहा महिने चालले होते. हे मला कळत होतं आणि कळूनही मी क्रँकची वाट पाहत बसलो होतो. ती पुन्हा वह्या तपासू लागली.

रविवारी मी सकाळीच बसलो आणि दुपारी तीनपर्यंत सायकल उभी केली. साधा पोलादी क्रँक, कॉटर पिन ठोकून. स्प्रिंगची सीट. मागचं मडगार्ड, चेनकव्हर, जाळी. घरात पडून असलेली जुनी घंटा. एवढंच काम होतं, सहा महिने एवढंच होतं. चाकाचं डुलणं तसंच राहिलं आणि चालवताना ते कोणाला कळलंही नसतं. भंगारवाल्याकडच्या मोठ्या काट्यावर सायकल चढवली तर साडेपंधरा किलो भरली. आमच्या खात्यातली मशीनं पुढं अशाच काट्यांवरून गेली, पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं. तेव्हा मी फक्त एवढंच म्हणत होतो, तेरा झाली नाही. साडेपंधरा ती कशी उचलेल, या विचारानं मी सायकल घरी आणली. सायकल पाहून ती हसली. खूप दिवसांनी हसली, आणि चौकात दोन चकरा मारल्या, पदर खोचून, घंटा वाजवत.

सोमवारी पहाटे मी मुद्दाम उठलो. गिरणी बंद झाल्यापासून मी सातच्या आधी उठलो नव्हतो, उठून करायचं तरी काय होतं. चाकात हवा भरावी आणि सायकल खाली उतरवून द्यावी, असं मनात होतं. ती अंथरुणात नव्हती, घरातही नव्हती. दार उघडं होतं. मी गॅलरीत आलो तर खाली चौकात नळाशी चार बायका होत्या आणि ही जिना चढत होती. उजव्या हातात भरलेली लोखंडी बादली, डावा हात पोटावर. सहा पायऱ्या चढली, बादली टेकवली, श्वास घेतला, पुन्हा उचलली.

मी पुढं होऊन बादली तिच्या हातातून घेतली. घेतली तशी माझ्या हाताला कळलं. अठरा किलोच्या खाली नव्हती.

"रोज?" मी विचारलं.

"नळ सहालाच येतो," ती म्हणाली. "ऑपरेशननंतर एक महिना शेजारच्या वहिनींनी भरलं. त्यांनी तरी किती भरावं?"

किती बादल्या, ते मी विचारलं. सात, ती म्हणाली. घरातल्या पिंपात पाणी असतं एवढंच मला माहीत होतं. ते तिथं कसं येतं, हे वर्षभरात मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. त्याच पिंपातलं पाणी घेऊन मी रोज ग्रीसचे हात धुतले होते. मला इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना. मी म्हणालो, मला उठवायचं होतंस. ती म्हणाली, "तुम्ही इतके थकलेले दिसायचे." त्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

मग ती म्हणाली सरका, उशीर होतोय. आत जाऊन साडी नीट केली, डबा घेतला आणि सायकल स्वतःच उचलून चोवीस पायऱ्या उतरली, मधे कुठं न थांबता. मी बादली हातात धरून जिन्यात उभा होतो. अजून चार बादल्या राहिल्या होत्या, म्हणून ती पिंपात ओतून मी रिकामी बादली घेऊन खाली गेलो. नळावरच्या बायकांनी मला रांगेत पुढं जागा दिली, पण मी मागेच उभा राहिलो.