बाबांच्या मुंग्या

बाबा गेले तेव्हा मला सातवा महिना होता. मी वसमतला माहेरी पोचले तोवर आत्यानं सगळं हातात घेतलं होतं. ज्या कोपऱ्यात बाबांचा जीव गेला, तिथं तिनं रात्री पीठ पसरलं, दिवा लावला आणि वर टोपली झाकली. गेलेला माणूस पुढं कोणत्या जन्माला जातो, त्याचं पाऊल त्या पिठात उमटतं म्हणतात. सकाळी टोपली उचलली तर पिठात काळ्या मुंग्यांची वळवळ. पिठाला मुंग्या लागणारच, यात नवल काय? पण आत्यानं हात जोडले आणि आईनं ते खरं धरलं.

बाबा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मापाडी होते. गोडाचे भारी शौकीन, आणि शेवटची कितीतरी वर्षं साखरेचा आजार. त्यांच्या हातातला पेढा आई ओढून घ्यायची, गुळाचा डबा कुलपात ठेवायची. आता ती रोज सकाळी त्या कोपऱ्यात गुळाचा खडा ठेवू लागली. मुंग्या वाढल्या. पिठाच्या डब्यात, अंथरुणात, माझ्या गोळ्यांच्या पाकिटातसुद्धा. पुढं लाल मुंग्याही आल्या. या आता कोण, असं मी विचारलं, तर म्हणाली, त्यांच्या संगतीतले असतील. बाबांची संगत आठवून मला हसू आलं. ती मात्र मनापासून बोलत होती.

मी मुळातच तापट. उंबऱ्यावर, भिंतीच्या कडेनं हळद टाकली. तिनं ओल्या फडक्यानं पुसून काढली. हळदीनं त्या मरत नाहीत, नुसत्या निघून जातात, असं मी समजावलं. तेच तर तिला नको होतं.

"काहून काढून लावतीस त्यायला घरातून?" एवढंच ती म्हणाली.

मग मी वाट्टेल ते बोलायची आणि न्हाणीत जाऊन रडायची. बाप माझाही गेला होता.

मुलगा झाला. बाबांनी या नातवाची फार वाट पाहिली होती. एका दुपारी मी आंघोळीला गेले, तेव्हा आईनं बाळाला झोळीत निजवलं आणि गुळाचा खडा नेमका झोळीखाली ठेवला. त्यांना नातू बघता यावा म्हणून.

लेकरू किंचाळलं तशी मी ओल्या केसांनी धावले. झोळीचं टोक भुईला टेकलं होतं आणि त्यावरून लाल मुंग्या चढल्या होत्या. बाळाच्या मानेवर, कानामागं, मांड्यांवर गांधी उठल्या होत्या. आईनं एकेक मुंगी वेचली, बाळाला माझ्याजवळ दिलं, पायात चपला घातल्या आणि निघाली. बाबा गेल्यापासून ती घराबाहेर पडली नव्हती. परतली ती मुंग्यांच्या पावडरचा पुडा घेऊन. मी टाकते म्हणाले, तर तिनं दिला नाही. कोपऱ्यात, फटींत, सगळीकडं तिनंच पावडर टाकली.

संध्याकाळी मेलेल्या मुंग्यांचा झाडून गोळा केलेला ढीग पुढ्यात घेऊन ती बसून राहिली.

"तव्हा डॉक्टरनं सांगितलं, हे गेले म्हणून, तरी मला पटलं न्हाई," ती म्हणाली. "आज मी माझ्या हातानं घालवलं त्यायला."

झोपलेलं बाळ मी तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं त्याला हळूच उचललं आणि परत माझ्याकडं दिलं.