पावण्याची वांगी

काकी झाडाच्या पानाला उलटा हात लावायच्या. तापलेल्या मुलाच्या कपाळाला आई लावते ना, तसा. थोडा वेळ हात तसाच ठेवायच्या आणि मग माझ्याकडे बघायच्या.

"गरम लागतंय. डाक्टरीन, तू बघ."

"मी डॉक्टर नाही हो काकी. अजून शिकतेय."

"शिकताना हात लावायचा नाय, असं हाय का तुमचे कालेजात?"

मग मीही हात लावायचे. मला ते पान पानासारखंच लागायचं.

करावे गावात आम्ही त्यांच्या इमारतीत तळमजल्यावर भाड्याने राहायचो. वडील टेम्पो चालवतात. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. मी वनस्पतींचे रोग शिकते हे सांगितल्यावर आई शेजारणींना सांगायची, "झाडांच्या दवाखान्यात जाते." काकींनी ते ऐकलं आणि त्या दिवसापासून मी डाक्टरीन झाले.

तुम्ही या बाजूला आला असाल तर अशा इमारती पाहिल्या असतील. दोन भिंतींच्या मध्ये हातभर गल्ली, वर कपड्यांच्या दोऱ्या, खाली गटार. पूर्वी तिथे काकींचं भातशेत होतं. इमारती उठल्या, मुलं मार्गाला लागली, काकींच्या हातात सोन्याच्या पाटल्या आल्या. पण मागच्या बाजूची मातीची एक पट्टी त्यांनी कुणाला फरशी घालू दिली नाही. तिथे त्यांची वांगी होती. फिकट हिरवी, अंगावर पांढऱ्या रेघा, देठाला असे काटे की तोडताना बोटाला टोचल्याशिवाय राहायचे नाहीत.

काकींचं माहेर पावणे. तिथे आता कारखाने आहेत. जिथे त्यांचं घर होतं तिथे पत्र्याची शेड आहे आणि आत दिवसभर लोखंड कापतात. लग्नात त्यांच्या आईने ओटीत तांदूळ-नारळाबरोबर या वांग्याचं बी घातलं होतं. पावण्यातलं शेत गेलं, आई गेली, भावांनी घरं लांब बांधली. वांगी तेवढी करावे गावात राहिली.

दरवर्षी एका झाडाचं पहिलं वांगं त्या तोडत नसत. त्याच्या देठाला लाल चिंधी बांधायच्या. ते पिवळं होऊन झाडावरच पिकायचं. मग त्याचं बी राखेत घोळवून ठेवायच्या आणि पुढच्या वर्षी सगळं पेरायच्या. वांगी अख्ख्या गल्लीत वाटायच्या. बी मात्र कुणाला नाही. धाकट्या जावेने एकदा मागितलं तेव्हा म्हणाल्या होत्या, "वांगी कवापन ने. बी माजे आयशीचं हाय. द्यायचं नाय." तेव्हापासून लाल चिंधीला गावातलं कुणी मोठं माणूस बोटही लावत नसे.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये पहिलं झाड मान टाकून उभं राहिलं. पान पिवळं नाही, डाग नाही, कीड नाही. हिरवंगार झाड दुपारी कोमेजायचं आणि संध्याकाळी सावरायचं. मग एके दिवशी सावरलंच नाही.

"तान लागली त्याला," काकी म्हणाल्या आणि पाइप सोडला. पाणी पहिल्या झाडाच्या आळ्यातून दुसऱ्याच्या, दुसऱ्याच्या आळ्यातून तिसऱ्याच्या, असं शेवटपर्यंत जायचं. चार दिवसांनी मी कॉलेजमधून आले तेव्हा ओळीतलं पुढचं झाडही वाकलं होतं.

मी मेलेल्या झाडाच्या खोडाचा तुकडा कापला आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात उभा धरला. हे आम्हाला प्रयोगशाळेत करून दाखवलं होतं. थोड्या वेळाने कापलेल्या टोकातून दोऱ्यासारखी पांढरी धार खाली उतरू लागली.

"दूध येतंय गो," काकी खूश होऊन म्हणाल्या.

"दूध नाही काकी. जिवाणू आहेत. खोडात भरलेत, म्हणून पाणी वर चढत नाही. ते मातीत आहेत, आणि पाण्याबरोबर पुढे जातात."

त्यांनी पाइपाकडे पाहिलं. मग मला म्हणाल्या, "बरं. औषद सांग."

पुस्तकात 'व्यवस्थापन' या मथळ्याखाली पहिलंच वाक्य आहे : रोगट झाडे उपटून नष्ट करावीत. ते वाक्य मी परीक्षेत किती सहज लिहिलं होतं. काकींसमोर ते तोंडातून बाहेर येईना.

"औषध नाहीये काकी."

"नाय कसं? डाक्टरीन हायस ना?"

त्या पनवेलला जाऊन कसलीशी पावडर घेऊन आल्या. दाढ सुजली तेव्हा मिळालेल्या गोळ्या पाण्यात विरघळवून त्यांनी झाडांना पाजल्या. "मना तीन दिसात बरं वाटलेलं," असं झाडांना समजावत होत्या. काळी बाहुली बांधली. झाडं ओळीने मान टाकत गेली.

सरांना विचारलं. ते म्हणाले, रानवांग्याच्या मुळांवर कलम करून बघ, ती मुळं या रोगाला दाद देत नाहीत. मी कॉलेजच्या नर्सरीतून रानवांग्याची रोपं आणली. ब्लेडने काकींच्या झाडांचे शेंडे कापले, पाचर करून रानवांग्याच्या खोडात बसवले, चिमटा लावला, वर पिशवी बांधली.

"म्हंजे मुळं परक्याची आनि डोकं आपलं?" काकींनी विचारलं.

"हो."

"मंग आमच्यावानीच की. सासरचे मातीत उबं रायचं." आणि हसल्या. त्या महिन्यातलं त्यांचं तेवढंच हसू मला आठवतं.

कलमं काळी पडली. एकाने नवं पान काढलं, काकींनी त्याला उलटा हात लावला आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या. दुसऱ्या दिवशी तेही लोंबलं. शेंडा घेतला तेव्हाच झाडात रोग होता. निरोगी असं झाड उरलंच नव्हतं. लाल चिंधीचं वांगं अजून कोवळं होतं. कापून पाहिलं, तर बी पांढरं, पाणीदार. जपून वाळवलं, पेरलं. काही उगवलं नाही.

मग काकींनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. गुडघे धरत धरत त्या गावात घरोघर फिरल्या. मी बरोबर होते. आधी धाकट्या जावेच्या दारात.

"तू माजं बी चोरलंस का गो कदी?"

जाऊबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा चेहरा लाल झाला. "मी? चोरीन मी? काय बोलतास वयनी!"

"रागावत नाय मी. चोरलं असशील तं सांग. पाया पडते तुजे. येखादं वांगं पिकवून ठेवलं असशील, दोन बिया लावल्या असशील..."

"देवाशपथ नाय हो." जाऊबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमी नाय बोललात ना. मंग कोन हात लावील?"

प्रत्येक दारात हेच. एक बाई तर म्हणाली, "काकी, माजे पोराला एकदा त्या चिंधीला हात लावला म्हनून मी मारलेला." काकी त्या बाईला म्हणाल्या, "कशाला मारलास गो?" आणि तिथेच पायरीवर बसल्या.

शेवटची झाडं त्यांनी स्वतः उपटली. जाळली. मग मातीवर पारदर्शक प्लास्टिक अंथरायचं होतं, उन्हाने आतले जिवाणू कमी व्हावेत म्हणून. मी कडा मातीत दाबत होते. काकी वाकल्या आणि प्लास्टिकला उलटा हात लावला.

"आता खरा ताप आलाय," म्हणाल्या.

त्यानंतर गुडघ्यांमुळे लेकीने त्यांना कामोठ्याला नेलं. मी एकदा भेटायला गेले. वरच्या मजल्यावरचा फ्लॅट, खिडकीत कुंडी. माझा हात धरून त्यांनी त्या कुंडीतल्या पानावर ठेवला. पान प्लास्टिकचं होतं.

"ह्याला काय व्हनार नाय बाय," त्या म्हणाल्या.

मागच्या दिवाळीआधी त्या गेल्या. करावे गावातल्या पट्टीवर आता फरशी आहे.

मी अजून शिकतेच आहे. बाजारात वांग्याची टोपली दिसली की थांबते. भाजीवाल्या ओरडतात, "ताई, दाबून बघू नका." मी दाबत नाही. देठ बघते, रेघा बघते. पावण्यावरून बस जाते तेव्हा शेडच्या मागच्या मोकळ्या जागांकडे बघत राहते. कधीतरी, काकींचा डोळा चुकवून, कुणीतरी एक पिकलेलं वांगं चोरलेलं असावं. कुणीतरी चोरलेलं असावं.