आडनावासकट डबा

डबा पायरीवर ठेवला होता. आत ज्वारीच्या भाकरी तशाच, वांग्याची भाजी तशीच. कुणी घास मोडला नव्हता.

सर दारात उभे होते. लातूरच्या कॉलेजात एम.ए.ला त्यांनीच मला अर्थशास्त्र शिकवलं. बायकोचा पाय मोडला म्हणून पंधरा दिवस त्यांच्याकडं आमच्या खानावळीतून डबा जात होता. आई रांधायची, मी स्कूटीवर पोचवायची. सरांच्या आई डबा घ्यायच्या, चटणीचं कौतुक करायच्या. आदल्या दिवशी त्यांनी सहज विचारलं, "आडनाव काय हाय गं तुझं?" मी सांगितलं. आमचं आडनाव ऐकलं की जात कळते. त्यांनी पदराला हात पुसले आणि आत गेल्या.

"माझं काही न्हाई गं," सर हळू आवाजात म्हणाले. "पण आईला कामून सांगितलंस?"

म्हणजे सरांना पहिल्यापासून माहीत होतं. आपल्या आईला त्यांनी डबा भलत्याच घरचा म्हणून सांगितलं असणार.

मला राग यायला हवा होता. आला नाही. वर्गच आठवत राहिला.

याच सरांनी एक मोठा परदेशी अर्थतज्ज्ञ आठवडाभर शिकवला होता. पोटासाठी देश सोडून गेलेल्या गरीब आईबापांचा पोरगा, शिकून नावारूपाला आला. सरकारनं बाजारात लुडबुड करू नये, असं जन्मभर सांगत राहिला. पाव विकत घेणारा माणूस गहू कुणी पिकवला ते विचारत नाही, म्हणून बाजार रंग-धर्म पाहत नाही, हे त्याचं म्हणणं. ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता. नोकरीच्या मागं न लागता खानावळ काढली ती त्याच भरवशावर. लोक चव बघतील, असं आईला मीच पटवलं. खुळी होते मी. ज्वारी कुणी पिकवली ते खरंच कुणी विचारत नाही. भाकरी कुणी थापली ते विचारतात.

सर समजावत होते. पाटीवर एखाद्या देवाचं नाव टाक, आडनाव कुणाला सांगू नको, धंदा जोरात चालेल.

"सर, पंधरा दिवस जेवलात. आज आईसमोर जेवाल का?"

सरांनी दार अर्धं लोटून घेतलं. मी डबा उचलला.

घरी आईनं डबा उघडून बघितला आणि ताट वाढलं. आम्ही दोघी तेच जेवलो. जेवता जेवता ती एवढंच म्हणाली, "नाव झाक म्हणला आसंल."

दुसऱ्या दिवशी मी पाटी रंगवून घेतली. आईचं नाव, खाली ठसठशीत आडनाव. शिकवणीसाठी गावात राहणारी जी पोरं आमच्याकडं जेवत, त्यांचे काही पालक डबे बंद करून गेले. काही राहिले. आता कुणी चौकशीला आलं की भाजी कोणती ते मी नंतर सांगते, आडनाव आधी. निघून जायचं असेल तर तिथूनच जावं. खानावळ बंद पडली तरी चालेल. खोट्या नावानं आमच्या घरातून भाकरी बाहेर जाणार नाही.