कराड की बारामती

दादा अंबरनाथच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता. साठवलेल्या रजा खर्चून त्याने खासगी वैमानिकाचा परवाना काढला, आणि डिसेंबरातल्या एका रविवारी जुहूच्या क्लबचं चार आसनी विमान त्याला दिवसभरासाठी मिळालं. वडिलांना जेवायला कुठे न्यायचं, एवढंच ठरायचं होतं. अट एकच: सूर्यास्ताआधी जुहूला परत. चुकलं तर परवान्यावर गदा.

आमच्या हेंद्रेपाड्यातल्या घरी टीपॉयवर नकाशा पसरला गेला.

"बारामती," दादा म्हणाला. "धावपट्टी लांब, आणि तिथे आपलं कोणी नाही."

"कराड," वडील म्हणाले. "अक्का आहे."

अक्का म्हणजे आमची आत्या. आजी गेल्यावर वडिलांना तिनेच वाढवलं. मुलाने चालवलेल्या विमानातून आपण उतरताना तिने बघावं, एवढीच त्यांची इच्छा होती. दादाला भीती तिच्या जेवणाची. पाहुणा दारात आल्याशिवाय तिच्याकडे कोंबडी कापत नसत; तीन-चार तास गेलेच म्हणायचे.

"बाबा, सूर्य काही आत्यासाठी थांबणार नाही."

"मग तिला सांग, डबा घेऊन धावपट्टीपाशीच ये."

दादाने फोन केला. ती लगेच हो म्हणाली.

साडेअकराला कराडला उतरलो. कुंपणाबाहेर बाभळीखाली आत्या होती. पुढ्यात तीन विटांची चूल आणि पाय बांधलेली जिवंत कोंबडी.

"आत्या, डबा म्हणालो होतो!"

"भाऊ इमानातनं येनार आन् त्याला सकाळचं वाढू व्हय? बस खाली."

दादा घड्याळाकडे बघत बसला. वडील विमानाकडे बोट करून तिला सांगत होते, मी पुढेच बसलो होतो, याच्या शेजारी, उजवीकडे.

"म्हाईत हाय," ती विस्तव फुंकत म्हणाली. "डोळं गच्च मिटून बसला असशील."

वडील तसेच बसले होते. मागच्या आसनावरून मी पाहिलं होतं.

रस्सा दोनला झाला. अडीचला दादा हात धुऊन उठला, तशी तिने फडक्यात दहा भाकऱ्या बांधल्या.

"वजन वाढतं, आत्या."

"मग बापाला ठेव हितं. भाकरी ने."

जुहूला चाकं टेकली तेव्हा सूर्य समुद्रावर चांगला हातभर वर होता. सकाळपासून पहिल्यांदाच दादा मोकळं हसला.

"पुढच्या वेळी मात्र बारामती."

वडिलांनी मांडीवरचं गाठोडं सारखं केलं.

"तिथे कोण आहे आपलं?"